दफेदारांचा खरारा

दफेदारांना मी आधी ऐकलं आणि मग पाहिलं.

दुसरी मोठी लढाई चालू होती ती वर्षं. कोरेगावच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात मुलींच्या शाळेवर माझी नेमणूक झाली होती. सांगलीहून एक ट्रंक, एक वळकटी आणि काळजीने चेहरा उतरलेले वडील असा लवाजमा घेऊन मी रिसाल्यातून, म्हणजे घोडदळातून, परतलेल्या या दफेदारांच्या घरी पुढच्या खोलीत राहायला आले. वडील लगेच परतायचे होते. निघताना त्यांनी दफेदारांच्या बायकोला, म्हणजे काकींना, पुन्हा पुन्हा विचारलं, "पोरगी एकटी आहे हो, लक्ष ठेवाल ना?" काकी म्हणाल्या, "आवं, लेक म्हणून ठिवते. जावा तुमी बिनघोर." वडील बिनघोर गेले. मी मात्र नव्या जागेत कूस बदलत पडले, आणि पहाटे जरा डोळा लागतोय तोच खिडकीखालून आवाज आला. हिस्स्... हिस्स्... हिस्स्...

साप! दुसरं काय असणार? मी ट्रंकेवर चढून उभी राहिले. आवाज थांबेना. इतक्या नेमाने, तालावर फुत्कारणारा साप कुठला असेल, हा प्रश्न मला बऱ्याच वेळाने पडला. मग धीर करून खिडकीचं दार बोटभर उघडलं. बाहेर उजाडायला आलं होतं आणि थंडी अशी, की खिडकीच्या गजाला हात लावला तर चटका बसावा. समोर गोठ्यात एक उंच, हडकुळा, पांढऱ्या मिशांचा माणूस, अंगात भोकं पडलेला खाकी स्वेटर, धोतर गुडघ्यांच्या वर खोचलेलं, एका तपकिरी घोडीला दोन्ही हातांनी रगडत होता. एका हातात खरारा, दुसऱ्या हातात वाळल्या गवताचा वळलेला बोळा. हात पुढे गेला की दातांतून हिस्स्, मागे आला की पुन्हा हिस्स्. घोडीच्या अंगातून वाफा निघत होत्या आणि माणसाच्याही.

"रिसाल्यातली खोड हाय ती," काकींनी मला चहा देताना सांगितलं. "खराऱ्याची धूळ तोंडात जाऊ नये म्हणून तसं करत्यात. जनावरालाबी बरं वाटतंय म्हणं. पर आता घोडं असू दे नसू दे, तोंड चालूच."

ते खरंच होतं. दफेदारांचा हात मागेपुढे झाला की तोंडातून तो आवाज यायचाच. काकींच्या हंड्याला चिंच लावून द्यायचे तेव्हा हिस्स्, चष्म्याची काच पुसायचे तेव्हा हिस्स्. एकदा मारुतीला शेंदूर लावायची पाळी त्यांच्यावर आली, तर देवाच्या अंगावर त्यांनी असा काही हात चालवला, की गुरव ओरडला, "दफेदार, द्येव हाय त्यो, तट्टू न्हवं!"

दुसरी गोष्ट म्हणजे हा माणूस बसत नसे. बसत नसे म्हणजे अजिबात नाही. काकी ताट कट्ट्यावर ठेवायच्या. ते एक घास तोडून गोठ्याकडे जायचे, तो चावत परत यायचे आणि दुसरा तोडायचे. चावडीवर लोक "बसा की दफेदार" म्हणायचे, तर हे खांबाला पाठसुद्धा न टेकता उभ्या उभ्या दोन शब्द बोलून वाटेला लागायचे. त्यांच्या येरझाऱ्यांनी अंगणात एक पायवाट पडली होती आणि तिच्यावर काकी सडा घालायच्या नाहीत, कारण उपयोग नव्हता. मला पहिले काही दिवस त्यांच्या या चालण्याने अगदी वैताग यायचा. मी मुलींच्या वह्या तपासायला बसले की खिडकीतून डावीकडून उजवीकडे दफेदार, उजवीकडून डावीकडे दफेदार. शेवटी मी खिडकीला लुगड्याचा पडदा लावला. तर त्याच्यावर सावली फिरायला लागली.

माणसं ते घोड्यांसारखी पारखायचे आणि तोंडावर सांगायचे. पाटलांचा नवा जावई गावात आला, सगळे त्याचं कौतुक करताहेत, तर दफेदार त्याच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "मागनं कच्चा हाय." माझ्याबद्दल त्यांचं मत काकींनी मला हसत हसत सांगितलं: "म्हणत्यात, तोंडाची कडक हाय, पर चाल चांगली हाय." मला राग आला खरा, पण मनातून मी खूषही झाले. इतकं खरं माझ्याबद्दल कोणी बोललं नव्हतं.

आमची ओळख झाली ती घोडीमुळे. घोडीचं नाव मल्ली. जतकडच्या एका धनगराकडून दफेदारांनी ती आणली होती. धनगराच्या बिऱ्हाडाचं ओझं वाहून वय झालेली घोडी ती. उंचीने बेताची, पाठ जरा खचलेली. दफेदार तिला रिसाल्यातले हिंदी हुकूम सोडायचे, "चलो", "ठैरो", आणि ती त्यांच्याकडे अशी बघायची, जसं अनोळखी पाहुण्याकडे बघावं. एका सकाळी ती गोठ्याच्या दारात अडून राहिली. दफेदारांनी हुकूम केले, मग विनवण्या केल्या, मग तिच्या आईबापाचा उद्धार केला. मी खिडकीतून बघत होते. माझं आजोळ जतच्या बाजूचं. चार कानडी शब्द मला येतात. मी सहज म्हटलं, "बा, बा," म्हणजे ये, ये. मल्लीने कान टवकारले, आणि सरळ चालत येऊन माझ्या खिडकीच्या गजांना नाक लावून उभी राहिली.

दफेदारांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ते खिडकीजवळ आले. मग विचारलं, "बाई, 'थांब' कसं म्हणायचं?"

"निल्लु."

"निल्लु," त्यांनी घोकलं. "निल्लु. आयला, घोडी कानडी निघाली." तेव्हापासून ते आणि मल्ली हिंदीत, मराठीत आणि कानडीत भांडायला लागले.

त्यांच्या या घोडावेडापायी मी एकदा चांगलीच गोत्यात आले. शाळातपासनीस साहेब टांग्याने आले होते. मी मुलींना ओळीने बसवून, फळा पुसून, घाम पुसून तयार. साहेबांनी घाईने टांगा हाकायला लावला असावा; शाळेच्या दारात टांगा थांबला तेव्हा तट्टू घामाने निथळत होतं आणि डोंगरावरून बोचरा वारा सुटला होता. रस्त्याने येरझारा घालणारे दफेदार ते पाहून जे धावले, ते साहेबांना नमस्कार करायला नव्हे. त्यांनी टांगेवाल्याला एक शिवी हासडली, तट्टू टांग्यातून सोडलं, स्वतःचा स्वेटर काढून त्याच्या पाठीवर टाकला आणि त्याला घेऊन गावाबाहेर चालायला निघून गेले. "घामेजलेलं जनावर वाऱ्याला हुबं करताय? काळीज हाय का दगूड?" हे जाता जाता साहेबांना.

साहेबांनी माझी तपासणी उरकली आणि टांग्यात येऊन बसले. टांगा होता, तट्टू नव्हतं. दफेदार त्याला फिरवून, रगडून, कोरडं करून, वर गूळ चारून परत आणेपर्यंत साहेब दांड्या जमिनीला टेकलेल्या टांग्यात घसरत बसून राहिले होते. माझ्या शाळेचा शेरा काय आला असेल ते मी सांगत नाही. संध्याकाळी मी काकींकडे रडले. दफेदारांना त्याचं काहीच नाही. म्हणाले, "तट्टू चांगलं हाय, बाई. सायेब न्हाई."

असा हा माणूस. आणि तरी त्यांच्याकडे बघताना मला नेहमी वाटायचं, की याच्या पाठीमागे काहीतरी लागलं आहे. सगळं जग साखरझोपेत असताना, हाडं गोठवणाऱ्या गारठ्यात, रोज हा त्या म्हाताऱ्या घोडीला इतकं का रगडतो? काम संपल्याची त्यांची एक खूण होती. खरारा झाला, बोळा झाला, मोहरीचं तेल लावलेला हात फिरवून झाला, की ते वाकून आपला गाल मल्लीच्या कुशीला लावायचे. केस सपाट बसले आहेत आणि कातडी ऊब धरून आहे, हे गालाला कळलं की मग झूल पांघरायची. थंडीत पाण्याचा थेंब तिच्या अंगाला लागू द्यायचे नाहीत. खूर धुवायचे, डोळे ओल्या फडक्याने टिपायचे, बस्स. आणि एवढं करूनही एखादा केस उभा दिसला तर पुन्हा पहिल्यापासून. "केस उभं हायेत" हे त्यांच्या तोंडी कशालाही असायचं. काकी रुसल्या, पाऊस लांबला, गावात तंटा झाला, की दफेदार म्हणायचे, "केस उभं हायेत."

पाखऱ्याची गोष्ट त्यांनी मला अशाच एका सकाळी सांगितली. मी विचारलं नव्हतं. खिडकीत उभी राहून हात चोळत होते, आणि ते माझ्याकडे न बघता, हात न थांबवता बोलायला लागले.

"रिसाल्यात माझं घोडं व्हतं, पाखऱ्या. लढाई लागली आन् हुकूम आला, घोडी बंद, मोटारी येणार. घोड्यांचं दोन भाग करायचं ठरलं. चांगली असतील ती दुसरीकडं धाडायची. म्हातारी, आजारी असतील त्यांस्नी गोळी. डागदर सायेब सकाळी येऊन बघणार व्हता. थंडीचं दिस, त्यात उत्तरंकडची थंडी. म्या पहाऱ्यावरनं आलो व्हतो. म्हटलं, घटकाभर बसावं, मंग खरारा करू. बसलो, बाई. पाठ टेकली भिताडाला आन् डोळा लागला."

हिस्स्, हिस्स्. मल्लीने मान हलवली.

"जागा झालो तवा डागदर रांगंतनं पुढं गेला व्हता. पाखऱ्या झुलीबिगर हुबा. गारठ्यानं अंगावरचं समदं केस हुबं. आजारी घोड्याचं अस्संच दिसतंय. डागदरानं त्येच्या मागल्या खुब्यावर खडूची फुली मारली व्हती. फुली म्हंजी गोळी."

"मग तुम्ही सांगितलं नाहीत?"

"सांगितलं. पळत गेलो, पाया पडलो. त्यो म्हनला, म्हातारा झालाय त्यो." दफेदारांनी बोळा झटकला. "म्हातारा झालाच व्हता म्हणा. पर खरारा केला असता तर..."

 त्यांनी गाल मल्लीच्या कुशीला लावला, झूल टाकली आणि अंगणातल्या त्या पायवाटेवर चालायला लागले. त्यानंतर मी खिडकीवरचा लुगड्याचा पडदा काढून टाकला.

आता दत्तूचं सांगायला हवं. दत्तू हा दफेदारांचा एकुलता एक मुलगा, आणि तो लष्करात कशात जावा? मोटारीत! बापाच्या घोड्याला ज्या मोटारीने खाल्लं, ती चालवायला मुलगा शिकला. दफेदारांनी त्याला निरोपही धड दिला नव्हता. "मोटारीला केस न्हाईत, कातडी न्हाई, तिला काय कळतंय तू वर बसलायस ते," एवढंच म्हणाले होते म्हणे. पोरगा खाली मान घालून गेला आणि ब्रह्मदेशाच्या बाजूला पोचला. त्याची पत्रं यायची ती मी काकींना वाचून दाखवायची. दफेदार त्या वेळी अंगणात चालत असायचे. पत्र मोठं असलं की खिडकीपाशी त्यांची पावलं बारीक व्हायची.

माझ्या पहिल्याच हिवाळ्यात मी गावची जत्रा पाहिली. पौषातली खंडोबाची जत्रा. देवाचा मुखवटा घोड्यावर बसवून गावातून मिरवतात. पूर्वी पाटलांचा घोडा असायचा, तो मेल्यावर मान मल्लीकडे आला. घोडी चालेल का, यावर बराच खल झाला होता. "द्येव बसल्यावर घोडं काय नि घोडी काय," असं गुरवाने ठरवून टाकलं. तर चाल अशी, की त्या दिवशी सूर्य उगवताना घोड्याला नदीवर न्यायचं, गार पाण्याने आंघोळ घालायची, हळद लावायची आणि हलगीच्या नादात उभं करायचं. मग घोडं मानेपासून शेपटीपर्यंत थरथरतं. ते थरथरलं की देव अंगात आला, कौल मिळाला. गाव सुखी, गावाची माणसं सुखी. थरथरेपर्यंत मुखवटा पाठीवर बसत नाही.

पौषातली पहाट आणि नदीचं पाणी. दगडही थरथरला असता! मल्ली थरथरली, "येळकोट येळकोट जय मल्हार" असा एकच गजर झाला, खोबरं-भंडारा उधळला, बायकांनी घोडीच्या पायांवर डोकी ठेवली. त्या घरांतून किती पोरं पलटणीत होती! काकींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दफेदार तेवढे दात खात बाजूला उभे होते. मिरवणूक संपली आणि त्यांनी मल्लीला जवळजवळ ओढतच घरी आणलं. दिवसभर घरात हिस्स् हिस्स् चालू होतं. "द्येव आला म्हणं," ते पुटपुटत होते. "हुडहुडी भरली जनावराला, आन् हे खोबरं उधळत्यात."

पुढचं वर्ष वाईट गेलं. मल्लीला खोकला लागला, बरगड्या दिसायला लागल्या. आणि दसऱ्यानंतर दत्तूचं पत्र आलं नाही. दिवाळी गेली, पत्र नाही. काकी पोस्टमनची वाट बघत उंबऱ्यावर बसून असायच्या. दफेदारांनी पत्राबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. मात्र मल्लीला रोज चाल द्यायला ते निघायचे, ते पूर्वी डोंगराकडे जायचे ते आता कोरेगावच्या रस्त्याने जायला लागले. पोस्ट त्याच रस्त्यावर होतं. परत यायचे तेव्हा काकी त्यांच्या तोंडाकडे बघायच्या आणि ते घोडीच्या पायांकडे.

जत्रा जवळ आली तसे ते गुरवाकडे गेले आणि म्हणाले, यंदा घोडी नाही. गाव खवळलं. लोक म्हणाले, पोरं लढाईत असताना कौल मागायचा नाही, तर कधी मागायचा? काकी घरात एक शब्द बोलल्या नाहीत, पण जेवल्याही नाहीत. दफेदार दोन दिवस अंगणात असे चालले, की ती पायवाट आणखी खोल गेली. शेवटी त्यांनी घोडी आणायचं कबूल केलं.

जत्रेच्या पहाटे मला धुराने जाग आली. गोठ्यात चूल पेटवून दफेदारांनी दोन हंडे पाणी तापवलं होतं. आडोशाला, दारं लावून, वाऱ्याची फट पोत्यांनी बुजवून ते मल्लीला कढत पाण्याने आंघोळ घालत होते. एक अंग धुवायचं, लगेच गवताच्या बोळ्याने रगडून कोरडं करायचं, मग दुसरं. मल्लीने सुखाने डोळे मिटले होते. मला खिडकीत बघून ते म्हणाले, "बाई, ही आंगुळ झाली का न्हाई? मंग झालं. द्येवाला पाण्याशी मतलब, गारठ्याशी न्हाई."

मी खो खो हसले. फार वेळ नाही हसले.

नदीवर सगळा गाव जमला होता. दफेदारांनी छाती काढून सांगितलं, आंघोळ घरून करून आणली आहे. गुरव समजूतदार होता. त्याने पळीभर नदीचं पाणी घोडीच्या कपाळाला लावलं, हळद लावली आणि हलगी सुरू झाली. मल्ली उभी. झुलीखाली ऊबदार, कोरडी, पोट भरलेली. हलगी वाढली. मल्लीने एक मागचा पाय जरा दुमडला आणि डुलकी काढली.

गावाने वाट बघितली. हलगीवाल्यांचे हात दुखून आले, त्यांनी पाळी बदलली. सूर्य वर येत चालला. कुठेतरी एक म्हातारी रडायला लागली, "आता रं कसं व्हनार." तिचे दोन नातू पलटणीत होते. मग दुसरी रडायला लागली. लोक एकमेकांकडे बघेनात. मी शिकलेली, हे सगळं थोतांड आहे असं मनाला बजावत होते, आणि माझेही डोळे मल्लीच्या मानेवरून हलत नव्हते.

काकी बायकांच्या घोळक्यातून पुढे आल्या. त्यांच्या हातात नदीच्या पाण्याने भरलेली घागर होती. त्या दफेदारांवर ओरडल्या नाहीत की रडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "आवं, दत्तूसाठी एवढं करा."

दफेदारांनी काकींकडे पाहिलं. मग मल्लीकडे. मग त्यांनी स्वतःच्या हाताने झूल काढली, नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली. घागर घेतली. मल्लीच्या कानाशी तोंड नेऊन ते हळूच म्हणाले, "निल्लु. निल्लु." आणि सगळी घागर तिच्या पाठीवर ओतली.

मल्ली हलली नाही, कारण थांब म्हटलं होतं. फक्त तिच्या अंगावरचे सगळे केस उभे राहिले आणि ती मानेपासून शेपटीपर्यंत थरथरली. येळकोटाच्या गजराने डोंगर दुमदुमला. माझे हात आपोआप जोडले गेले, आणि त्याचा मला फार राग आला.

मुखवटा चढला, मिरवणूक निघाली. चाल अशी, की मिरवणूक संपेपर्यंत घोड्याचं अंग पुसत नाहीत. वारा होता. दफेदार तिच्या बाजूने चालत होते आणि लोकांचा डोळा चुकवून तळहाताने तिची कूस चोळत होते. त्या गजरात तो आवाज कोणाला ऐकू जाणार? मी झूल घेऊन जवळून चालले होते, म्हणून मला ऐकू आला.

मल्ली त्यानंतर फार दिवस राहिली नाही. छाती भरली, खाणं सुटलं. दफेदारांनी मोहरी, ओवा, गूळ, शेक, माहीत असलेलं सगळं केलं. एके दिवशी पहाटे मला जाग आली, ती आवाज आला नाही म्हणून.

उन्हाळ्यात दत्तूचं पत्र आलं. हिवतापाने दवाखान्यात पडून होता, आता बरा आहे. काकींनी ते पत्र कपाळाला लावलं आणि मल्लीला पुरलं होतं तिथे जाऊन नारळ फोडला. तिथल्या दगडाला गावाने हळद फासली. बायका तिथे नवस बोलायला लागल्या. "मल्लीनं आणला माझ्या पोराला," काकी सगळ्यांना सांगायच्या. दफेदार म्हणायचे, "घोडी थंडीनं मेली." मला दफेदारांचंच पटत होतं, पण काकींपुढे तसं म्हणायची माझी छाती झाली नाही. आणि दफेदार? पत्र वाचून झाल्यावर ते रिकाम्या गोठ्यात गेले. खुंटीवरची झूल काढून त्यांनी झटकली, घडी घातली, पुन्हा टांगली. मग चालायला लागले. पूर्वीपेक्षाही जास्त चालायचे. मुलगा जिवंत असल्याचा आनंद त्यांना होऊ देत नव्हतं असं काहीतरी त्यांच्यात बसलं होतं, आणि मला ते बघवत नसे.

लढाई संपली. वडिलांनी खटपट करून माझी बदली सांगलीला करून घेतली. पुढे ऐकलं, की दत्तू लष्करातून सुटून आला, सांगलीतच एका हळदीच्या व्यापाऱ्याकडे लॉरीवर ड्रायव्हर म्हणून लागला, आणि हिवताप त्याची पाठ सोडत नाही म्हणून आईबाप त्याच्याजवळ येऊन राहिले आहेत.

थंडीतल्या एका सकाळी काकी शोधत आमच्या घरी आल्या. "बाई, दत्तूला लय हिव भरलंय. गोळ्या संपल्या. तुमच्या वडलांच्या वळखीनं कुठं क्विनीन गावंल का?" वडिलांच्या ओळखीच्या कंपाउंडरकडून मी गोळ्या मिळवल्या आणि काकींबरोबर निघाले. वाटेत त्या म्हणाल्या, "अजून बोलत न्हाईत दोघं धड. पोरगा लॉरीवर जातोय, ह्ये रस्त्यानं हिंडत्यात."

हळदीच्या वखारीमागे त्यांची एक खोली होती. अंगणात लॉरी उभी होती. खोली दिसायच्या आधी मला तो आवाज आला. इतक्या वर्षांनी, सांगलीच्या मध्यावर. हिस्स्... हिस्स्... हिस्स्...

दारात आम्ही दोघी थांबलो. दत्तू एका पोत्यावर पाठमोरा बसला होता. चांगला बाप्या माणूस, रुंद पाठीचा, पण मानेपासून खालपर्यंत असा थरथरत होता की दात वाजत होते. त्याच्या अंगावर मल्लीची झूल होती. झुलीखाली हात घालून दफेदार त्याची पाठ रगडत होते. मिशा पार विरळ झालेल्या, खांदे उतरलेले, पण हात तोच. काकींना ती थरथर बघवेना, त्या तोंड फिरवून उभ्या राहिल्या.

"दादा, राहू दे," दत्तू बापाला कसाबसा म्हणाला. "दमलासा."

"निल्लु," दफेदार म्हणाले. "निल्लु."

किती वेळ गेला कोण जाणे. हिव हळूहळू ओसरलं. दत्तूचे खांदे सैल झाले, दात थांबले. तसा दफेदारांचाही हात सावकाश झाला आणि आवाज थांबला. त्यांनी झूल जराशी बाजूला केली आणि वाकून आपला गाल लेकाच्या पाठीला लावला. मल्लीच्या कुशीला लावायचे, तसाच. पण तिथे ते क्षणात उठायचे. इथे उठले नाहीत. दत्तूही हलला नाही.

मग त्यांनी झूल त्याच्या खांद्यांवरून नीट ओढली, पोत्यावर हात टेकला, आणि त्याच्या शेजारी खाली बसले. भिंतीला पाठ टेकून. जरा वेळाने त्यांचे डोळे मिटले.

काकींनी माझा हात घट्ट धरला. मी गोळ्यांची पुडी त्यांच्या मुठीत दिली आणि दफेदारांना हाक न मारता परत फिरले.